अर्धा सूर वर

मी एकदा खोटं बोललो. चार शब्दांचं खोटं. "गिटारीत काळी पट्टी नसते." ज्यांना मी हे सांगितलं ते भास्करमास्तर आमच्या देवळात तीस वर्षं पेटी वाजवत होते, आणि मला गिटार हातात धरून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. या एका वाक्यामुळं एका बाईनं आठ वर्षं गाणं सोडलं, आणि गाण्याहून मोठं असं आणखी काही सोडलं. संपादकांनी नाताळ अंकासाठी मला उपासनेतल्या गिटारवादनाबद्दल लिहायला सांगितलंय, नव्या मुलांना उपयोगी पडेल असं. उपयोगाचं मी सांगेनच. पण हे आधी सांगितल्याशिवाय मला बाकीचं सांगायचा अधिकार नाही.

आम्ही नाशिकचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतो. आमचं देऊळ दगडी, उंच छपराचं. भोवतीच्या कडुनिंबांमुळं आत नेहमी हिरवट उजेड असायचा. एप्रिलच्या दुपारी उन्हातून आत शिरलं की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नसे. आधी ऐकू यायचं: पेटीचा भाता, हातपंख्यांची फडफड, छपरात पारव्यांचं घुमणं. मग हळूहळू बाकं दिसायची, बाकांवरची माणसं, आणि सगळ्यात शेवटी समोरचा लाकडी क्रूस. अजूनही डोळा लागता लागता मी पुष्कळदा त्या उजेडात शिरतो आणि सगळं याच क्रमानं दिसत जातं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी त्या देवळात पहिल्यांदा गिटार नेली. तोवर तिथं पेटी, तबला आणि झांजा एवढंच होतं. मी चोवीस वर्षांचा होतो. देवळाली कॅम्पात एक म्हातारे बँडवाले राहायचे, त्यांच्याकडं सायकल मारत जाऊन चार महिने शिकलो होतो. मग ते मुलाकडं निघून गेले आणि माझं शिक्षण बारा कॉर्डवर थांबलं. कॉर्ड म्हणजे तीन किंवा अधिक सूर एकाच वेळी. बारा म्हणजे फार नव्हेत, पण नाशिकात तेव्हा बारा येणारेही फारसे नव्हते, त्यामुळं माझी ऐट काही औरच होती. केस कानांवर, पायात उंच टाचेचे बूट. मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, बैठकीत एक वडीलधारे म्हणालेसुद्धा, की आता देवळाबाहेर तिकीटखिडकी कुठं बांधायची तेही ठरवून टाकू.

माझी बाजू घेतली ती भास्करमास्तरांनी. म्युनिसिपालटीच्या शाळेतून निवृत्त झालेले, किडकिडीत, भर उन्हाळ्यातही उपासनेला काळा कोट घालून येणारे. ते म्हणाले, "दावीद राजा वीणा वाजवायचा. पेटी वाजवत होता असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. येऊ दे पोराला." सगळे हसले आणि मला परवानगी मिळाली. तीन महिन्यांत मागच्या बाकांवर तरुण मुलं-मुली दिसायला लागली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, खूश होते. मला वाटलं, हे सगळं माझंच कर्तृत्व.

आता थोडं पट्टीचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. ज्या पट्टीला सा धरला की गाणाऱ्याला वर-खाली सोयीनं फिरता येतं, ती त्याची पट्टी. आमच्या देवळाची पट्टी होती काळी चार. कुणी ठरवली ठाऊक नाही. पण सगळी भजनं त्याच पट्टीत व्हायची आणि लोकांच्या गळ्यांना तिची सवय होती, जशी पायांना घरच्या पायऱ्यांची असते. गिटारीला सहा तारा असतात. मानेवर धातूच्या बारीक आडव्या कांबी असतात, त्यांना पडदे म्हणतात. एक पडदा पुढं सरकलं की सूर अर्ध्यानं चढतो. म्हणजे पेटीवर आहेत ते सगळे सूर गिटारीत आहेत. काळं-पांढरं हा भेदच तिला माहीत नाही. पण काही पट्ट्यांत मोकळ्या सोडलेल्या तारा तुम्हाला साथ देतात आणि दोन-तीन बोटांत काम भागतं. पांढरी सहा ही तशी सोपी पट्टी. ती काळी चारच्या शेजारचीच, बरोबर अर्धा सूर वर. काळी चारमध्ये मात्र मोकळ्या तारांची मदत जवळजवळ नाही. तिथं पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरावं लागतं आणि उरलेल्या तीन बोटांनी कॉर्ड बांधावी लागते. मला ते आडवं बोट येत नव्हतं. दाबलं की तारा खणखणीत वाजायच्या ऐवजी फटफट करायच्या.

पहिले काही महिने मी हळू आवाजात वाजवून वेळ मारून नेली. पुढं उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला. शनिवारचा सराव पाळकसाहेबांच्या पडवीत चालायचा. तिथं मी मास्तरांना म्हणालो, की आपण आता सगळं पांढरी सहात घेऊ या. त्यांनी कारण विचारलं. तबलजी आणि चार मुली समोर बसलेल्या होत्या. मला येत नाही, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. त्यांच्याऐवजी चार निघाले.

"गिटारीत काळी पट्टी नसते, मास्तर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "नसते?"

"नाही ना. त्या वाद्याची रचनाच तशी असते."

"बरं," ते म्हणाले. थोडा वेळ भाता हलवत राहिले. मग म्हणाले, "पण रूथबाईंचं काय? तिसऱ्या कडव्यात चाल पार वर जाते."

मी म्हणालो, "अर्ध्या सुरानं काय होतंय?"

रूथबाई मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. मूळच्या दिंडोरीकडच्या. साठीच्या आसपास, ठेंगण्या, नेहमी पांढरं लुगडं. लिहिता-वाचता बेताचं यायचं, पण दोन-अडीचशे भजनं तोंडपाठ. उत्तम शुक्रवारी आमच्याकडं बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे ख्रिस्ताचे सात उद्गार एकेक करून वाचतात, प्रत्येकावर लहानसं प्रवचन होतं. चौथ्या उद्गारानंतर एक जुनं भजन व्हायचं, आणि त्याची तीनही कडवी रूथबाई एकट्या म्हणायच्या. माझ्या आईच्या लग्नाआधीपासून त्याच म्हणत आल्या होत्या. त्या कधी सरावाला येत नसत. पट्टी हा शब्दही त्यांना ठाऊक नसावा. पेटी सूर द्यायची आणि त्या तो उचलायच्या.

त्या दिवशी ऊन असं होतं, की खिडक्यांतून आलेल्या पट्ट्यांत धूळ स्थिर उभी असल्यासारखी दिसत होती. दोन वाजत आले होते. लोक अर्धवट जागे, अर्धवट प्रार्थनेत. मास्तरांनी सूर दिला, पांढरी सहा. मी कॉर्ड लावली, आणि खरं सांगतो, ती फार सुंदर वाजली. पहिल्यांदाच माझी गिटार त्या देवळात मोकळेपणानं बोलली. रूथबाईंनी डोळे मिटून पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्यात मला त्यांच्या मानेची शीर दिसली. तिसऱ्या कडव्यात चाल एकेक पायरी चढत वर जाते आणि शेवटच्या शब्दावर थांबते. त्या चढत गेल्या, आणि शेवटची पायरी तिथं नव्हतीच. आवाज चिरकला नाही, फाटला नाही. दोरा संपावा तसा संपला. तोंड उघडं होतं, ओठ तो शब्द धरून होते, पण आवाज नव्हता. देवळात फक्त माझी गिटार वाजत होती.

मास्तरांनी चटकन पेटीवर ती ओळ उचलली, मागून लोकांनी धरली आणि भजन पुरं झालं. रूथबाई हळूच खाली बसल्या. पदरानं ओठ पुसले. पुढच्या वर्षी त्यांनी निरोप धाडला, की दुसऱ्या कुणाला तरी सांगा. बायकांना म्हणाल्या, देवानं दिलं होतं, त्यानंच परत नेलं.

मी हे ऐकलं आणि गप्प बसलो.

माझी खरी लाज याच्या पुढची आहे. सहा महिन्यांत मला आडवं बोट येऊ लागलं. नव्या मुलांनी हे लक्षात ठेवावं: बोट सपाट दाबू नका, किंचित कुशीवर वळवा, म्हणजे हाडाची बाजू तारांवर येते. पडद्याच्या अगदी लगत दाबा. अंगठा मानेच्या मागं मधोमध असू द्या. पंधरा दिवस मनगट दुखेल, मग एक दिवस सहाही तारा आपण होऊन बोलतील. पुढं मी पेन्सिलीचा तुकडा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी मानेवर बांधून कॅपोही केला. तोच आडव्या बोटाचं काम करतो. आणि सगळ्यात सोपं सांगायचं तर सहाही तारा अर्ध्या सुरानं उतरवून ठेवल्या असत्या, तरी माझ्या त्याच बारा कॉर्डमध्ये काळी चार वाजली असती. दोन मिनिटांचं काम. तेव्हा मला ते सुचलं नव्हतं. सुचलं तेव्हा मी केलं नाही. कारण काळी चार वाजवली असती तर लोकांनी विचारलं असतं, ती नसते ना? म्हणून आठ वर्षं आमचं देऊळ पांढरी सहात गात राहिलं.

या आठ वर्षांत मी नाव कमावलं. गंगापूर रोडला एक खोली घेऊन क्लास काढला. मनमाड, इगतपुरी, नाशिकरोड, जिथं बोलावणं येईल तिथं उपासनेला जात होतो. सामान म्हणजे एक साधी लाकडी गिटार, तिच्या पोटात मेणानं चिकटवलेला, आवाज पकडणारा पिकअप, आणि लग्नात भाड्यानं मिळतो तसला ॲम्प्लिफायर. तारा मुंबईहून आणाव्या लागत, त्यामुळं जुन्या झाल्या की पाण्यात उकळायच्या, पुसायच्या आणि पुन्हा चढवायच्या. महिनाभर तरी नव्यासारख्या वाजतात. तारा छेडायचं नख म्हणून साबणाच्या फुटक्या डबीचं झाकण कापून वापरायचो. नाताळच्या पहाटे तारा थंडीनं आवळतात, मग देऊळ माणसांनी भरलं की सैल पडतात. म्हणून पहिल्या भजनाआधी एकदा आणि तिसऱ्यानंतर एकदा सूर लावायचा. नव्या तारा सणाच्या सकाळी कधीच चढवायच्या नाहीत, दोन दिवस आधी चढवून ताणून ठेवायच्या.

ॲम्प्लिफायरनं एकदा माझी चांगलीच जिरवली. एका परगावच्या मंडळीत पापकबुलीची शांत प्रार्थना चालू होती. शंभर माणसं गुडघ्यांवर, डोळे मिटून आपापली पापं आठवतायत. एवढ्यात माझ्या स्पीकरमधून, आधी खोल विहिरीतून आल्यासारखा आणि मग स्पष्ट, एक गंभीर आवाज म्हणाला, की पानांच्या खालच्या बाजूला भुरी दिसू लागताच फवारणी करावी. वायर सैल झाली की अशी यंत्रं रेडिओ पकडतात, हे मला माहीत नव्हतं. द्राक्षबागायतदारांचा कार्यक्रम चालू होता. मी वायर उपटेपर्यंत घडांच्या विरळणीबद्दलही दोन वाक्यं होऊन गेली. प्रार्थनेनंतर एक शेतकरी जवळ येऊन खाली आवाजात विचारत होता, औषधाचं नाव काय सांगितलं म्हणून.

पेठच्या बाजूला डोंगरात एक मंडळी होती. कुडाच्या भिंती, वर पत्रा, वीज नाही. मी तिथं हौसेनं सगळ्या करामती करून दाखवल्या. उपासना झाल्यावर एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "तुजा वाजा बेस हाय, पन आमच्या गान्याच्या मागून चालव. तू म्होरं पळतोस न् आमाला धापा लागतात." मी हसलो. क्लासमध्ये हा किस्सा रंगवून सांगत असे. तो मला काय सांगत होता, हे मला फार उशिरा कळलं.

देवळात माझी जागा समोर, कठड्याच्या बाजूला होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक रांगेनं पुढं येऊन कठड्याशी गुडघे टेकतात, आणि पाळकसाहेब एकेकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवतात, मग द्राक्षरसाचा प्याला देतात. तेवढा वेळ मी एक एक तार छेडत राहायचो, त्यामुळं कोण आलं, कोण नाही, हे मला सगळ्यांत स्पष्ट दिसायचं. रूथबाई येत नसत. दर रविवारी त्या तिसऱ्या बाकावर असायच्या, पण पहिल्या रविवारी त्यांच्या बाकावरच्या सगळ्या बायका उठल्या की त्या एकट्या मान खाली घालून बसून राहायच्या. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

सातव्या वर्षी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. येवल्याला त्यांची मुलगी शिक्षिका होती, ती त्यांना घेऊन गेली. मला भेटायला जायला पुढचा पावसाळा उजाडला. मुलीचं घर पैठणी विणणाऱ्यांच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, एक थोडा पुढं, एक थोडा मागं, जशी देवळातली माणसं एकत्र गाताना असतात. मास्तर खाटेवर उशाला टेकून बसले होते. डोळे मिटून म्हणाले, दिवसभर हे ऐकतो, आता झोपेतही ताल चुकत नाही.

चहा झाला. मुलगी शाळेला गेली. मग त्यांनी विचारलं, "अजून पांढरी सहातच वाजवतोस?"

मी हो म्हणालो.

"मला तेव्हाच ठाऊक होतं, विलास. कॅम्पात बँड ऐकत मोठा झालेला माणूस मी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्यांनी सांगायला वेळ घेतला, शब्द एकेक करून येत होते. पोरं देवळात येत होती रे, ते म्हणाले. चारचौघांत तुझा पाणउतारा केला असता तर तू गेला असतास, आणि तुझ्यामागून ती. मलाही वाटलं, अर्ध्या सुरानं काय होतंय. मग त्यांनी जे सांगितलं ते रूथबाईंनी मास्तरांच्या पत्नीला, त्या हयात असताना, सांगितलेलं होतं.

आमच्यात रीत अशी, की कुणाशी भांडण असेल तर ते मिटवल्याशिवाय प्रभुभोजन घ्यायचं नाही. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळीही प्रभुभोजन असतं. त्या वर्षी रूथबाईंचं त्यांच्या जावेशी बोलणं बंद होतं, परसातल्या नळावरून. जाऊ त्याच रांगेत होती. रूथबाईंनी तिच्याकडं न पाहता भाकर घेतली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता आवाज गेला. त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. रविवारी जावेचे पाय धरले, भांडण मिटलं. पण त्यानंतरचे काही महिने देवळात सगळ्यांबरोबर गाताना त्या जेव्हा जेव्हा वरच्या सुराकडं गेल्या, तेव्हा आवाज पोचला नाही. त्यांना वाटलं, जावेनं क्षमा केली, देवानं नाही. तेव्हापासून त्या गायल्या नव्हत्या, आणि भाकरीलाही हात लावला नव्हता.

आवाज पोचणारच नव्हता. मी दर रविवारी सगळी चालच अर्धा सूर वर नेऊन ठेवत होतो.

"यातलं निम्मं माझं आहे," मास्तर म्हणाले. "पण तोंड तुला उघडावं लागेल. माझं आता नीट उघडतही नाही." आणि वाकड्या ओठांनी हसले.

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर कांद्याची ओली शेतं मागं सरत होती. आकाश खाली आलेलं होतं. मी ती शेवटची ओळ मनात म्हणत होतो, एकदा काळी चारात, एकदा पांढरी सहात, पुन्हा काळी चारात. काही वेळानं बसच्या घरघरीतूनही तेच दोन सूर येऊ लागले. निफाडला उतरणारा माणूस मला दोनदा म्हणाला, की भाऊ, सरका जरा. मला ऐकूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रूथबाईंकडं गेलो. शरणपूर रोडच्या मागं त्यांची दीड खोली होती. त्यांनी चहा केला, गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, गुडघे बरे हायत, त्यांना काय झालंय. मी लोणच्याबद्दल बोललो, पाळकसाहेबांच्या बदलीबद्दल बोललो आणि उठून आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या उंबऱ्यात बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. या वेळी मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण बसलो असतो तर पुन्हा लोणच्यावर गेलो असतो. खोटं सांगितलं, पट्टी सांगितली, आठ वर्षं सांगितली.  त्यांचं सोलणं थांबलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "अर्दा सूर म्हंजे केवढा?"

मी म्हणालो, गिटारीवर एका पडद्याएवढा. बोटाच्या पेरापेक्षा थोडा जास्त.

त्यांनी अंगठ्याच्या नखानं आपल्याच तर्जनीचं पेर मोजलं. बराच वेळ त्याकडं पाहत राहिल्या. "एवढ्यासाठी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी उपाशी बसायची रे, विलास. समदी उठून जायची न् मी बसायची. पोरीसोरी इचारायच्या, मावशी, का नाय येत? मी काय सांगू?"

मी त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"हितं नको. हितं कोण बघतंय? माजा आवाज लोकांसमोर गेला. तू बी लोकांसमोर उभा राहा."

पाळकसाहेबांना हे पसंत नव्हतं. नवेच आले होते. म्हणाले, की अशा गोष्टी खासगीत मिटवाव्यात, मंडळीत चर्चा होते, तुमच्या क्लासवरही परिणाम होईल. तिसरी गोष्ट खरी होती. रात्रभर मला तीच दिसत राहिली. पण मी म्हणालो, की बाईंनी मागितलंय ते एवढंच आहे, आणि त्यांनी आठ वर्षांत काहीच मागितलेलं नाही. शेवटी त्यांनी जाहिरातींच्या, म्हणजे मंडळीला सूचना देतात त्या, वेळी पाच मिनिटं दिली.

महिन्याचा पहिला रविवार होता. मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि प्याले झाकून ठेवलेले होते. बाहेर पाऊस थांबला होता आणि कडुनिंबांतून गळणारा उजेड नेहमीपेक्षा जास्त हिरवा होता, पाण्याखालून वर पाहावं तसा. लग्नाची एक जाहिरात झाली, रविवारच्या शाळेची एक. मग माझं नाव आलं. मी गिटार खुर्चीवर ठेवून उठलो. मोकळ्या हातांनी त्या जागी मी कधीच उभा राहिलो नव्हतो. हात कुठं ठेवावेत हे कळेना. तिसऱ्या बाकावर रूथबाई माझ्याकडं पाहत होत्या, मान वर करून. माझी आई दुसऱ्या बाकावर होती. मागच्या बाकांवर माझे विद्यार्थी होते.

मी रात्री चार पानं लिहून काढली होती. त्यात काळी चार होती, पडदे होते, मास्तर होते, माझं तरुण वय होतं. ती खिशातच राहिली.

मी म्हणालो, "आठ वर्षांपूर्वी उत्तम शुक्रवारी रूथबाईंचा आवाज गेला, असं आपण सगळे मानतो. तो गेला नव्हता. मला एक गोष्ट वाजवता येत नव्हती. ती लपवायला मी खोटं बोललो आणि सगळ्या भजनांचा सूर वर नेला. त्यांना पोचता येणार नाही एवढा. नंतर मला वाजवता येऊ लागलं, तरी मी तो खाली आणला नाही. बाईंना वाटलं, देवानं शिक्षा केली. मला ठाऊक होतं, की देवानं काही केलेलं नाही, आणि मी इथं बसून वाजवत राहिलो." मी तिसऱ्या बाकाकडं वळलो. "रूथबाई, चूक माझी होती. तुमची नव्हती. मला माफ करा."